साइट बनवली, आता सांभाळणार कोण?

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सेकंड इयरला होतो. रविवारची सकाळ, मेसमधले पोहे संपत आलेले, आणि रेक्टर सरांचा निरोप आला - "कॉम्प्युटरची पोरं कोण कोण आहेत, त्यांना ऑफिसात पाठवा." आम्ही चौघं गेलो. मनात म्हटलं, परवा गच्चीवर केलेला वाढदिवस सरांना कळला वाटतं! पण सरांनी काही न बोलता मॉनिटर आमच्याकडे वळवला. आपल्या हॉस्टेलची साइट उघडलेली होती. वर हॉस्टेलचं नाव, आणि खाली रूम अलॉटमेंटच्या यादीच्या जागी कसल्याकसल्या परदेशी औषधांच्या जाहिराती. "हे काय आहे?" सरांनी विचारलं. प्रश्न आम्हालाही तोच पडला होता!

ही साइट आमच्या आधीच्या एका बॅचने ड्रुपल ७ वर बनवलेली. मेसची थकबाकी, डिपॉझिट, रूमची यादी, नळ-पंख्याच्या तक्रारी, सगळं तिच्यात. बनवणारे सीनियर्स केव्हाच पास आऊट होऊन नोकरीला लागलेले. ॲडमिनचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. शेवटचा अपडेट २०१७ सालचा. डेटाबेसमधली टेबलं रिकामी. दर महिन्याला आपोआप बॅकअप घेणारी एक स्क्रिप्ट मात्र चालू होती, आणि ती फाइल सापडली तेव्हा आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. फाइल उघडली तर रकमा सगळ्या जागेवर, आणि मराठीत भरलेल्या प्रत्येक नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. बॅकअप घेताना कॅरेक्टर सेट चुकीचा होता. इतकी वर्षं तो बॅकअप कोणी एकदाही परत भरून बघितला नव्हता.

सर्व्हरवर आणखी एक छोटी फाइल होती. तिच्यात एकच ओळ : "अपडेट करू नये, पावतीचा फॉर्म बंद पडतो."

त्या एका ओळीमुळे मी हा लेख लिहितोय. साइट कशी बनवायची हे आपण वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत शिकतो. ती पाच वर्षं जिवंत कशी ठेवायची हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. आणि गंमत म्हणजे आपण ज्या सॉफ्टवेअरवर साइट बनवतो, ते बनवणारे लोक याच प्रश्नाशी २५ वर्षं झगडताहेत. त्यांनी काय केलं, कुठे चुकले, ते बघितलं तर आपल्यालाही बरंच उमगेल.

फ्रेमवर्क आणि सीएमएस

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. इतर ब्रँचच्या मित्रांनी पान उलटू नये, सोपंच आहे.

समजा तुम्हाला एक मेस चालू करायची आहे. चूल बांधण्यापासून सुरुवात केलीत तर पहिलं जेवण दिवाळीनंतरच! त्याऐवजी ओटा, गॅस, पाणी, मोठी पातेली असं सगळं जागच्या जागी बसवलेलं स्वयंपाकघर मिळालं तर? काय शिजवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फ्रेमवर्क म्हणजे हे स्वयंपाकघर. आलेल्या पत्त्यावरून कुठलं फंक्शन चालवायचं, फॉर्ममधली माहिती कशी तपासायची, लॉगिन कसं सांभाळायचं, डेटाबेसशी कसं बोलायचं, ही प्रत्येक साइटला लागणारी कामं त्यात आधीच करून ठेवलेली असतात.

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. ही चालू स्थितीतली मेस. मेस सेक्रेटरी येतो, फळ्यावर खडूने आजचा मेनू लिहितो आणि जातो. गॅसची जोडणी कशी आहे हे त्याला माहीत असायची गरज नाही. तसंच ऑफिसातले क्लार्क काका एकही ओळ कोड न लिहिता साइटवर नोटीस टाकू शकतात.

ड्रुपल हे दोन्ही आहे. इन्स्टॉल केलं की चालू मेस मिळते, आणि भिंती हलवून स्वतःचं स्वयंपाकघर बनवायची सोयही मिळते. म्हणूनच ते शिकायला थोडं जड जातं, आणि म्हणूनच त्याचा इतिहास मजेदार आहे.

हॉस्टेलमधून आलेलं सॉफ्टवेअर

ड्रुपलचा जन्म कुठल्या मोठ्या कंपनीत झाला असं वाटत असेल तर ऐका. साल २०००. बेल्जियममधलं अँटवर्प विद्यापीठ. तेव्हा विद्यार्थ्यांना चोवीस तास इंटरनेट मिळणं म्हणजे चैन होती. ड्रीस बायटार्ट आणि हान्स स्नायडर या दोन विद्यार्थ्यांनी हॉस्टेलच्या इमारतींमध्ये वायरलेस जोडणी केली आणि एका एडीएसएल मोडेमचं कनेक्शन आठ जणांत वाटून घेतलं. (आपल्याकडे एकाच्या हॉटस्पॉटवर अख्खी विंग जगते, तसंच!) कनेक्शन तर झालं, पण एकमेकांना निरोप ठेवायला जागा नव्हती. मग ड्रीसने एक छोटी अंतर्गत साइट लिहिली. नेटवर्क चालू आहे की बंद, आज रात्री जेवायला कुठे जमायचं, एखादी बातमी, असलंच सगळं तिच्यावर असायचं.

पुढे ड्रीस पास आऊट झाला, हॉस्टेल सोडलं. दोस्तांचा संपर्क राहावा म्हणून ती साइट खुल्या इंटरनेटवर टाकायचं ठरलं. नाव ठेवायचं होतं 'डॉर्प', म्हणजे डच भाषेत गाव. डोमेन शोधताना टाइप करण्यात चूक झाली आणि झालं 'ड्रॉप'. तेही बरं वाटलं म्हणून तेच ठेवलं. थेंबाला डचमध्ये 'द्रुप्पल' म्हणतात, त्यावरून सॉफ्टवेअरचं नाव पडलं ड्रुपल. जानेवारी २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती सर्वांसाठी मोफत आणि खुली म्हणून बाहेर पडली. पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसची साइट ड्रुपलवर गेली आणि २०१७ पर्यंत ती ड्रुपलवरच होती. जेवायला कुठे जायचं हे ठरवायला लिहिलेला कोड कुठवर पोचला बघा!

कोअरला हात लावायचा नाही

एवढं पसरणारं सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या गरजेला कसं पुरतं? ड्रुपलचं उत्तर होतं 'हुक'.

हॉस्टेलमध्ये नवीन मुलगा आला की ऑफिस काय करतं? नुसती हाळी देतं, "नवीन ॲडमिशन!" मग मेसवाला आपल्या वहीत नाव टाकतो, वॉचमन आपल्या रजिस्टरमध्ये टाकतो, लायब्ररीवाले कार्ड काढतात. ऑफिसला या तिघांची कामं माहीत नसतात. उद्या जिम सुरू झाली तर जिमवाल्याने ती हाळी ऐकायची आणि आपलं काम करायचं. ऑफिसची पद्धत बदलावी लागत नाही.

ड्रुपलचं कोअर हेच करतं. एखादं पान सेव्ह झालं की ते सगळ्या मॉड्यूलना विचारतं, "या प्रसंगासाठी तुमच्याकडे फंक्शन आहे का?" मॉड्यूलचं नाव आणि प्रसंगाचं नाव जोडून तयार होणारं फंक्शन सापडलं की ते चालवलं जातं. म्हणजे नवीन सोय हवी असेल तर स्वतःचं वेगळं मॉड्यूल लिहायचं, कोअरच्या फाइलींना हात लावायचा नाही. ड्रुपलच्या जगात हा पहिला नियम मानतात. कारण उघड आहे. अपडेट म्हणजे कोअरच्या जुन्या फाइलींवर नव्या फाइली बसणं. तुम्ही त्यात केलेला बदल त्याक्षणी पुसला जाणार.

आता ती ओळ आठवा : "अपडेट करू नये, पावतीचा फॉर्म बंद पडतो." आम्ही कोड उघडून बघितला. आमच्या सीनियर्सनी पावतीचा फॉर्म कोअरच्या फाइलीत घुसून बसवला होता. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण सगळेच करतो तसं. काम झालं, मार्क मिळाले. पण त्या दिवसापासून साइटचे अपडेट बंद झाले. स्वतंत्र मॉड्यूल लिहायला त्यांना फार तर आणखी दोन संध्याकाळी लागल्या असत्या.

कोड मोडला तरी चालेल, डेटा मोडता कामा नये

आता मुख्य मुद्दा. सॉफ्टवेअर जुनं होतं तसे त्यातले आधीचे निर्णय नडायला लागतात. मग दोन रस्ते उरतात. एक, जुना कोड जसाच्या तसा चालत राहील अशी काळजी घेत हळूहळू पुढे जायचं. दुसरा, जुनं मोडून नीट बांधायचं.

२००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसने साधारण पहिला रस्ता धरला. जुनी प्लगइन्स चालत राहिली पाहिजेत यावर त्यांचा भर. २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून तर त्याचे छोटे अपडेट आपोआप बसायला लागले, मालकाने काही केलं नाही तरी.

ड्रुपलने अनेक वर्षं दुसरा रस्ता धरला. प्रत्येक मोठ्या आवृत्तीत मॉड्यूल लिहिणाऱ्यांना आपला कोड बदलावा लागायचा. पण एक वचन त्यांनी पाळलं : तुमचा कोड मोडेल, तुमचा डेटा मोडणार नाही. जुन्या आवृत्तीतली पानं, युजर, कॉमेंट्स नव्या आवृत्तीत नेण्याचा रस्ता आम्ही देऊ.

हा रस्ता कसा चालतो ते समजून घेण्यासारखं आहे, परीक्षेत नाही आलं तरी. समजा मॉड्यूलच्या नव्या आवृत्तीत एका टेबलाला एक कॉलम वाढवायचा आहे. नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला तो मिळेलच, पण ज्याच्याकडे तीन वर्षांचा डेटा भरलेलं जुनं टेबल आहे त्याचं काय? त्यासाठी मॉड्यूलमध्ये क्रमांक असलेली अपडेट फंक्शन्स लिहितात. ड्रुपल ७ मध्ये ७००१, ७००२, ७००३ अशी. कुठल्या क्रमांकापर्यंतची कामं झाली याची नोंद डेटाबेसमध्ये असते. अपडेट चालवला की ड्रुपल नोंद बघतं, "७००१ झालंय, आता ७००२ आणि ७००३ करायचे," आणि तेवढीच कामं क्रमाने करतं. तुम्ही चार आवृत्त्या चुकवल्या असतील तरी प्रत्येक पायरी आपापल्या जागी होते. जर्नलच्या प्रयोगांसारखं समजा. सातवा प्रयोग करायचा तर आधी सहाव्यापर्यंत सह्या हव्यात!

आठव्या आवृत्तीची उडी

पण मोडून बांधण्याची किंमत असते आणि ती कोणाला तरी भरावी लागते. तारखा बघा. ड्रुपल ५ आलं जानेवारी २००७ मध्ये, ६ आलं फेब्रुवारी २००८ मध्ये, ७ आलं जानेवारी २०११ मध्ये आणि ८ आलं नोव्हेंबर २०१५ मध्ये. अंतर एक वर्ष, मग तीन, मग जवळजवळ पाच. प्रत्येक वेळी उडी मोठी होत गेली.

आठवी सगळ्यात मोठी. आतलं बरंच घर पाडून नव्याने बांधलं. सगळं स्वतः लिहिण्याऐवजी 'सिंफनी' या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्कचे तयार भाग घेतले, टेम्प्लेटसाठी 'ट्विग' घेतलं, कोड ऑब्जेक्ट ओरिएंटेड केला, साइटचं कॉन्फिगरेशन डेटाबेसमधून काढून फाइलींत नेता येईल अशी सोय केली. तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण ज्यांनी सातसाठी मॉड्यूल लिहिली होती त्यांना ती जवळजवळ नव्याने लिहावी लागली. छोट्या संस्था, शाळा, एकटे काम करणारे डेव्हलपर यांना हे झेपेना. काही जणांनी सातच्या धर्तीवरच पुढे जायचं ठरवून 'बॅकड्रॉप' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर काढलं, जानेवारी २०१५ मध्ये. उरलेल्यांपैकी पुष्कळजण सातवरच बसून राहिले. इतके, की सातची मुदत आधी नोव्हेंबर २०२१ ठरली होती ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ ला संपली. म्हणजे जन्मापासून बरोबर १४ वर्षं!

आठ बाहेर पडल्यावर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, ड्रुपलवाल्यांचं आशियाई संमेलन आपल्या मुंबईत आयआयटी बॉम्बेच्या आवारात भरलं होतं. त्या वेळी जगभरच्या डेव्हलपरांसमोर हाच प्रश्न होता : सातवरून आठवर जायचं कसं?

धडा घेतला

इथे या लोकांचं कौतुक वाटतं. चूक कळल्यावर त्यांनी पद्धतच बदलली. आठपासून तीन भागांचा आवृत्ती क्रमांक आला. समजा १०.२.३. शेवटचा आकडा बदलला तर फक्त दुरुस्त्या. मधला बदलला तर नव्या सोयी, पण जुनं चालू राहणार. पहिला बदलला तरच जुनं काही जाणार. आणि जे जाणार त्यावर आधीच शिक्का मारायचा : 'हे जुनं झालं, पुढच्या मोठ्या आवृत्तीत मिळणार नाही, त्याऐवजी अमुक वापरा.' कोड चालत राहतो, पण इशारा मिळतो. भाडेकरूला रातोरात बाहेर काढण्यापेक्षा दोन वर्षं आधी नोटीस द्यावी तसं.

याचा परिणाम असा झाला की जून २०२० मध्ये ड्रुपल ८.९ आणि ९.० एकाच दिवशी बाहेर पडले. नऊ म्हणजे जवळजवळ आठच, त्यातून शिक्का मारलेला जुना कोड काढलेला आणि आतले सिंफनीसारखे भाग नवे बसवलेले. ज्यांनी इशारे वाचून आधीच कोड सुधारला होता त्यांची उडी एका पायरीएवढी झाली. पुढे दहा डिसेंबर २०२२ मध्ये आलं, अकरा ऑगस्ट २०२४ मध्ये.

एक नवी अडचण मात्र आली. दुसऱ्याचे भाग घेतले की दुसऱ्याचं वेळापत्रकही घ्यावं लागतं. सिंफनी ३ ची मुदत नोव्हेंबर २०२१ मध्ये संपणार होती, म्हणून ड्रुपल ८ लाही त्याच महिन्यात निरोप द्यावा लागला. प्रोजेक्टमध्ये कुठलीही लायब्ररी घेताना 'ही किती दिवस सांभाळली जाणार आहे?' हे विचारायला हवं, ते याच्यासाठी.

सात तास

"पण सर, चालतंय ना? मग अपडेट कशाला?" हा प्रश्न मीही विचारायचो. आता विचारत नाही. का ते सांगतो.

१५ ऑक्टोबर २०१४, बुधवार. आपल्याकडे रात्रीचे साधारण साडेनऊ वाजलेले. ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमने जाहीर केलं की ड्रुपल ७ मध्ये एक गंभीर भोक सापडलंय, लगेच अपडेट करा. भोक होतं डेटाबेसशी बोलणाऱ्या भागात, म्हणजे जो भाग एसक्यूएल इंजेक्शनपासून वाचवण्यासाठीच लिहिला होता त्यातच! क्वेरीला एक यादी दिली की तो भाग प्रत्येक किमतीसाठी एक जागा तयार करायचा आणि त्या जागेचं नाव यादीतल्या 'की'वरून ठेवायचा. किमती नीट तपासल्या जायच्या, पण की कोणी तपासत नव्हतं. हल्लेखोराने फॉर्म पाठवताना कीमध्येच एसक्यूएल लिहिलं की ते थेट डेटाबेसपर्यंत जायचं. डब्यातला माल तपासला, डब्यावरचं लेबल तपासलं नाही! दुरुस्ती एका ओळीची होती : यादीतल्या की टाकून द्या, फक्त किमती घ्या आणि नव्याने क्रमांक द्या.

पण दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे भोकही जाहीर झालं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की कुठे मारायचं ते कोणालाही कळतं. दोन आठवड्यांनी सिक्युरिटी टीमने सांगितलं : घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेचार. रात्री जेवून झोपलेला माणूस उठेपर्यंत खेळ खलास! काही हल्लेखोर तर आत शिरल्यावर स्वतःच दुरुस्ती बसवायचे, म्हणजे दुसरा चोर येऊ नये. तुम्ही न करता साइट अपडेट झालेली दिसली तर तेच घरफोडीचं लक्षण होतं.

२८ मार्च २०१८ ला पुन्हा तसंच. या वेळी भोक सहा, सात, आठ अशा तिन्ही आवृत्त्यांत होतं. ड्रुपलमध्ये '#' या चिन्हाने सुरू होणारी की म्हणजे कोअरला दिलेली सूचना असते. तशी की बाहेरून पाठवली तर तीही पाळली जायची. म्हणजे पुन्हा लेबलचीच गोष्ट. पण मागच्या अनुभवातून टीमने एक आठवडा आधी, २१ मार्चलाच, नुसतं सांगून ठेवलं होतं की अमुक दिवशी अमुक वेळी मोठा अपडेट येणार आहे, तयारीत रहा. हल्ल्याचा तयार कोड उघडपणे फिरायला लागला तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. जे तयारीत होते त्यांना पुरेसा वेळ मिळाला.

आपल्या साइटचा शेवटचा अपडेट २०१७ चा. म्हणजे ते दार कित्येक वर्षं सताड उघडं होतं. चोर नेमका तिथूनच आला का, हे सांगायला लॉगच उरले नव्हते. पण कुलूप लावलेलं नव्हतं एवढं खरं.

अपडेट करायची रीत

आम्ही नंतर जे शिकलो ते क्रमाने देतो. कुठल्याही सीएमएसला लागू पडेल.

१. आधी बॅकअप. डेटाबेसचा आणि अपलोड केलेल्या फाइलींचाही. तो दुसऱ्या मशीनवर ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो परत भरून बघायचा. मराठी नावं नीट दिसतात का ते डोळ्यांनी तपासायचं. परत भरून न बघितलेला बॅकअप म्हणजे न उघडलेला डबा, आत काय निघेल सांगता येत नाही.

२. चालू साइटवर थेट प्रयोग नाही. आपल्या पीसीवर साइटची हुबेहूब प्रत चालवायची आणि अपडेट पहिल्यांदा तिथे करायचा.

३. नव्या आवृत्तीबरोबर आलेली माहिती वाचायची. कुठलं मॉड्यूल अडेल, पीएचपी कुठलं लागेल ते त्यात असतं. ड्रुपल ११ ला पीएचपी ८.३ लागतं. आमचं घोडं पहिल्यांदा तिथेच अडलं होतं.

४. मग साइट मेंटेनन्स मोडमध्ये टाकायची, कंपोझरने कोड अपडेट करायचा आणि डेटाबेसचे अपडेट चालवायचे. दुसरी पायरी विसरली तर कोड नवा आणि टेबलं जुनी अशी खिचडी होते.

५. कॅश साफ करायची. लॉगिन, पावती, तक्रार, यादी ही चार कामं स्वतः करून बघायची. मगच साइट उघडायची.

६. वहीत लिहायचं. तारीख, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, काय अडलं, कोणी केलं.

पहिल्यांदा आम्हाला याला अख्खा शनिवार लागला. आता छोटा अपडेट जेवणाआधी उरकतो. दर महिन्याला थोडं थोडं केलं की सोपं जातं, वर्षभर साठवलं की सेमिस्टरच्या शेवटी उरलेल्या सिलॅबससारखं अंगावर येतं. आम्ही साइट नव्याने ड्रुपल १० वर बांधली. पावतीचा फॉर्म या वेळी वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवला आणि इशारे वेळच्या वेळी मिटवले. त्यामुळे दहावरून अकरावर जायला पीएचपी सोडलं तर फारसा त्रास झाला नाही.

त्या पावत्यांचं काय झालं?

आता राहिलेली गोष्ट. प्रश्नचिन्हांच्या त्या यादीतून नावं परत मिळवायला आम्ही अकरा रात्री ऑफिसच्या पावतीपुस्तकांवर बसलो. एक जण वाचतोय, एक टाइप करतोय, तिसरा तपासतोय, चौथा चहा आणतोय. शेवटी बहुतेक सगळे सापडले, एक मुलगा सोडून. त्याच्या वडिलांनी डिपॉझिट तीन हप्त्यांत भरलं होतं. त्यातल्या दोन हप्त्यांचं पावतीपुस्तक पावसाळ्यात भिजून गेलेलं आणि त्याच्याकडची पावती हरवलेली. त्याच्या नावावरची रक्कम फक्त त्या साइटमध्ये होती. तो आमच्यासमोर काही बोलला नाही. "घरी पुन्हा पैसे मागू कसे," एवढंच रूममेटला म्हणाला. पुढे वडिलांच्या पासबुकात पैसे काढल्याच्या तारखा मिळाल्या, त्या आमच्या यादीतल्या बेवारस रकमांशी जुळल्या आणि रेक्टर सरांनी सही केली. पण त्यात तीन आठवडे गेले. तोवर तो मेसमध्ये एकदाही दुसऱ्यांदा भाजी घेताना मला दिसला नाही. सीनियर्सनी त्याचं काही वाईट चिंतलं नव्हतं. त्यांनी फक्त पावतीचा फॉर्म घाईत चुकीच्या जागी ठेवला होता आणि चाव्या कोणाला दिल्या नव्हत्या.

तेव्हा मित्रांनो, एक विनंती. अपडेटची वही रेक्टर सरांच्या कपाटात वरच्या खणात आहे. पासवर्ड बंद पाकिटात तिथेच आहे आणि पाकिटावर सरांची सही आहे. ड्रुपलचे सिक्युरिटी अपडेट शक्यतो बुधवारी येतात, म्हणून आम्ही दर बुधवारी रात्री जेवणानंतर साडेनऊला ऑफिससमोर जमतो. आमची बॅच जूनमध्ये बाहेर पडेल. सेकंड इयरची निदान दोघं हवी आहेत, आणि कॉम्प्युटरचीच असली पाहिजेत असं नाही. मेकॅनिकलचा एक जण आमच्यात आहे, बॅकअप परत भरून बघायला तोच सगळ्यात पक्का! पहिल्या बुधवारी फक्त बघायला या. चहा आमच्याकडून.